लोखंडावरची काच

आमच्या उदगीरच्या घरात एनॅमलची एक ताटली आहे. पांढरी, काठाला निळी पट्टी, आणि काठापासून दोन बोटं आत अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडालेला. तिच्यात कोणी जेवत नाही. सकाळी परसातली फुलं तोडून आणायला ती बरी पडते, म्हणून अजून टिकली आहे. एकदा उन्हात बसून हा टवका भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडेला घराच्या पडक्या भिंतीसारखे थर दिसले. वर पांढरा थर, त्याच्या खाली जवळजवळ काळा वाटावा असा गडद निळा थर, आणि मधोमध तांबूस गंजलेलं लोखंड.

पांढऱ्याच्या खाली निळं कशाला? ताटली पांढरी हवी होती तर लोखंडावर थेट पांढरा रंग का नाही दिला? उत्तर शोधायला निघालो आणि लक्षात आलं, की एनॅमलच्या भांड्यांचा अख्खा कारखाना या नखाएवढ्या खड्ड्यात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो रंग नाहीच. ती काच आहे. खिडकीच्या तावदानाची जी काच, तिचीच ही चुलत बहीण. भट्टीत वितळवून लोखंडाच्या पत्र्यावर बसवलेली. म्हणून एनॅमलच्या भांड्याला ओरखडे सहसा उठत नाहीत, हळदीचा डाग बसत नाही, कालचा वास आज राहत नाही. आणि म्हणूनच ते हातातून फरशीवर पडलं की त्याचा टवका उडतो. रंगाचा पोपडा निघतो, काचेचा टवका उडतो. आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे.

आंबटाचा प्रश्न

लोखंडाला काच फासण्याची उठाठेव माणसाने का केली, हे मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की कळतं. इथलं रोजचं जेवण आंबटाशिवाय होत नाही. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, ताकाची कढी, हिरव्या टोमॅटोची चटणी. आणि आंबट पदार्थाचं धातूशी वैर. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणजे धातू त्यात उतरतो आणि पोटाला बाधतो. लोखंडी कढईत अंबाडी काळी पडते. मातीच्या भांड्याला हा दोष नाही, पण ते फुटतं आणि तेल-वास धरून ठेवतं.

यावर आपल्याकडचा जुना तोडगा म्हणजे कल्हई. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकून आतली बाजू साफ करायची, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो चकचकीत पसरवायचा. तांब्याच्या आणि अन्नाच्या मधे कथलाचा पडदा उभा राहतो. पडदा झिजतो, म्हणून कल्हईवाल्याची हाळी काही महिन्यांनी पुन्हा ऐकू येते. कल्हई म्हणजे धातूवर धातूचा पडदा. एनॅमलची कल्पना तिथूनच एक पाऊल पुढची: पडदा काचेचा केला तर? काचेला ना आंबट खातं, ना खारट. एकदा बसला की पुन्हा बसवायचं काम नाही.

कल्पना सोपी, पण तिच्यासाठी शेकडो वर्षं थांबावं लागलं. सोन्या-चांदीवर रंगीत काच बसवण्याची कला फार प्राचीन आहे. आपल्या दागिन्यांवरची मीनाकारी ती हीच. सोन्यावर काच छान बसते, कारण सोनं तापवलं तरी गंजत नाही. लोखंड तापलं की त्यावर पापुद्रा धरतो आणि काच त्या पापुद्र्यासकट सुटून येते. जर्मनीतल्या क्योनिग्सब्रोन गावी १७६० च्या दशकात बिडाच्या भांड्यांना आतून असा लेप द्यायला सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकात ही विद्या ऑस्ट्रिया आणि बोहेमियात पसरली आणि बिडाऐवजी पत्र्याची हलकी भांडी होऊ लागली. अमेरिकेत सेंट लुईसच्या नीडरिंगहाउस बंधूंनी १८७० च्या दशकात दगडासारखी ठिपकेदार भांडी काढली, त्यांना ‘ग्रॅनाइटवेअर’ म्हणून विकलं आणि १८९६ मध्ये कारखान्यासाठी नवं गावच वसवलं. इलिनॉय राज्यातल्या त्या गावाचं नाव आजही ग्रॅनाइट सिटी आहे. भांड्यावरून गावाला नाव पडल्याची अशी उदाहरणं जगात थोडीच. कारखान्यावरून गावाला नाव पडल्याचं उदाहरण मात्र आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि ते याच गोष्टीत येतं.

पैसा फंडापासून ओगलेवाडीपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे विकली जाणारी एनॅमलची भांडी बाहेरून येत. ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा माल आधी, मग जपानचा. काचेचीही तीच गत होती. दिव्याची चिमणी, बांगडी, औषधाची बाटली, सगळं परदेशी. स्वदेशीच्या चळवळीला हे खुपत होतं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. परदेशात काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. हा नुसता कारखाना नव्हता, काच शिकवणारी शाळाही होती. लोकांच्या पैशा-पैशातून महाराष्ट्राने आधी काच शिकून घेतली.

ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कऱ्हाडच्या रेल्वे स्टेशनजवळ काच कारखाना काढला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांना आश्रय मिळाला. याच बाळासाहेबांनी त्याआधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली होती. एकाच रेल्वेमार्गावर, काही स्टेशनांच्या अंतरावर, किर्लोस्करवाडीत बिडाचे नांगर ओतले जात होते आणि ओगलेवाडीत काच फुंकली जात होती. एका छोट्या संस्थानिकाच्या डोळस आश्रयाने लोखंड आणि काच असे दोन्ही धंदे उभे राहिले. कारखान्याभोवती वस्ती झाली आणि वस्तीला नाव पडलं ते ओगलेवाडी. कऱ्हाडला रेल्वेने जाणारा माणूस आजही उतरतो तो ओगलेवाडीतच.

ओगल्यांचं नाव घरोघरी गेलं ते प्रभाकर कंदिलामुळे. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचंही नाव. मराठवाड्यात ज्यांनी कंदिलाखाली अभ्यास केला, त्या पिढीला हे नाव सांगावं लागत नाही. पण एनॅमलच्या दृष्टीने कंदिलाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवं. कंदील म्हणजे काय? एक काचेचा गोळा आणि पत्र्याचा सांगाडा. काच करायला भट्टी हवी, वाळू आणि सोड्याचं प्रमाण जमलं पाहिजे, काच हळूहळू थंड कशी करायची हे ठाऊक पाहिजे. टाकी, झाकण, बर्नर करायला पत्रा कापणारी, दाबणारी, वाकवणारी यंत्रं हवीत, साचे हवेत. ज्या कारखान्यात या दोन्ही विद्या एका आवारात नांदतात, त्याला एनॅमल म्हणजे शेजारच्या खोलीत जाण्याइतकं जवळ. साच्यात पत्रा दाबून ताटली करायची आणि भट्टीतली काच तिच्यावर बसवायची. काच, कंदील, स्टोव्ह यांच्या जोडीला ओगलेवाडीत एनॅमलची भांडी होऊ लागली, ती याच तर्काने.

कुठल्या उद्योगातून पुढचा उद्योग कसा फुटतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे. एनॅमलचा कारखाना रिकाम्या माळावर एकदम उभा करणं अवघड असतं. तो काचेच्या अंगणात लोखंडाला बोलावून उभा राहतो. बंगालमध्येही याच सुमारास एनॅमलचे कारखाने निघाले आणि तिथल्या मगांनी-ताटल्यांनी देशभरचे बाजार भरले. १९३० च्या दशकात या सगळ्यांना जपानच्या स्वस्त मालाशी टक्कर द्यावी लागली.

निळ्या थराचं रहस्य

आता ताटली कशी होते ते पाहू, म्हणजे टवक्यातला निळा थर उलगडेल.

आधी काच करायची. गारगोटीची पूड, फेल्डस्पार, टाकणखार, सोडा आणि थोडं कोबाल्टचं संयुग एकत्र करून बाराशे अंशांच्या आसपास वितळवायचं. टाकणखाराचं काम मोठं आहे. तो काचेला कमी उष्णतेत वितळायला लावतो. नाहीतर काच वितळेपर्यंत खालचा पत्राच वेडावाकडा व्हायचा. हा तांबडा-पिवळा रस थेट गार पाण्यात ओततात. तडतड आवाज होतो आणि त्याच्या चुऱ्याचे काचेरी खडे होतात. कारखान्यात त्याला ‘फ्रिट’ म्हणतात. हे खडे, पाणी आणि थोडी चिकणमाती मोठ्या पिंपात घालून, आत दगडी गोळे टाकून पिंप तासन् तास फिरवायचं. दळून निघतं ते दाट ताकासारखं काचेचं दूध.

तिकडे पत्र्याची तयारी चाललेली असते. साच्यात दाबून ताटली झाली, की तिचं तेल जाळून किंवा धुऊन काढायचं, मग तिला तेजाबात बुडवायचं. गंज, पापुद्रा, तेलाचा अंश, काही म्हणजे काही राहता कामा नये. आपल्या बायका लोणच्याच्या बरणीला पाण्याचा थेंब लागू देत नाहीत, तशीच ही शिस्त. बोटाचा एक ठसा राहिला तरी भट्टीत त्या जागी फोड येतो.

मग ताटली काचेच्या दुधात बुडवायची, उचलायची, हाताला झटका देऊन जास्तीचं निथळवायचं. हा झटका म्हणजे सगळं कौशल्य. दूध एकसारखं पसरलं नाही तर एका बाजूला थर जाड होतो, आणि जाड थर आधी तडकतो. वाळली की ताटली भट्टीत. सुमारे आठशे ते साडेआठशे अंश, आणि वेळ फक्त काही मिनिटं. पूड वितळते, पसरते, चकाकते. बाहेर काढल्यावर ताटली लालभडक असते. थंड होता होता ती गडद निळी-काळी होते. हा पहिला थर. त्याच्यावर पांढऱ्या काचेचा दुसरा थर देऊन ती पुन्हा भट्टीत जाते. दोन्ही थर मिळून जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढी.

पहिला थर निळा असतो तो कोबाल्टमुळे, आणि कोबाल्ट रंगासाठी घातलेलंच नसतं. ते असतं काचेने लोखंडाला घट्ट धरावं म्हणून. भट्टीत कोबाल्ट आणि लोखंड यांच्यात रासायनिक झटापट होते. लोखंडाचा गुळगुळीत पृष्ठभाग जागोजागी कोरला जातो, बारीक बारीक खाचा पडतात, आणि वितळलेली काच त्या खाचांत मुळं धरते. भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी विटांवर टोचे मारतो, तेच इथे कोबाल्ट करतं. पांढरी काच हे करू शकत नाही. ती थेट लोखंडावर दिली तर पापुद्र्यासारखी निघून येईल. म्हणून आत निळा कामकरी थर आणि वर पांढरा पाहुण्यांसाठीचा थर. माझ्या ताटलीच्या टवक्यात दिसणारा गडद निळा थर, तो हा कामकरी.

पांढरेपणाचीही एक गोष्ट आहे. काच मुळात पारदर्शक. तिला दुधी करायला पूर्वी कथलाची भस्मं वापरत. म्हणजे कल्हईचं कथील इथेही होतंच, फक्त वेश बदलून. कथील महाग, म्हणून काही कारखान्यांनी अँटिमनी वापरलं. १९२८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला अशा स्वस्त एनॅमलच्या भांड्यात केलेलं लिंबूपाणी पिऊन अनेक जणांना विषबाधा झाली, कारण लिंबाच्या आंबटाने अँटिमनी पाण्यात उतरलं. काचेला आंबट खात नाही हे खरं, पण काच कशाची केली आहे त्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर टिटॅनियमचं संयुग आलं आणि पांढऱ्या एनॅमलचा प्रश्न सुटला.

दोन स्वभावांचा संसार

एनॅमलच्या कारखान्याची खरी डोकेदुखी भट्टीत नसते, भट्टीतून बाहेर आल्यावर असते. लोखंड आणि काच तापल्यावर फुगतात आणि निवताना आक्रसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. मीटरभर लोखंडी पट्टी शंभर अंशांनी तापली, की सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. साधी खिडकीची काच त्याहून कमी वाढते. हा फरक फार झाला तर थंड होताना काच सोलून निघते. उलट काच लोखंडापेक्षा जास्त आक्रसली तर ती ताणली जाऊन तडकते. कारागीर सोडा-टाकणखाराचं प्रमाण बदलून काचेचा स्वभाव लोखंडाच्या अगदी जवळ आणतो, आणि मुद्दाम किंचित कमी ठेवतो. त्यामुळे निवताना लोखंड थोडं जास्त आक्रसतं आणि काचेला चहूबाजूंनी दाबून धरतं. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. ताटली रोज चुलीवरून उतरते, तरी तडकत नाही, ते या दाबामुळे.

आणि ती फुटते तीही याच हिशोबाने. काठावर पत्रा वळलेला असतो, तिथे काचेचा दाब बाहेरच्या बाजूला ओढ घेतो. म्हणून टवके आधी काठाचे जातात, आणि म्हणून काठाला वेगळी निळी किंवा काळी चिवट पट्टी लावतात. सुरेख दिसते ती पट्टी, पण तिचं काम दुखऱ्या जागेवर पट्टी बांधण्याचंच.

आणखी एक खोड या धंद्यातली माणसं सांगतात. ताटल्या छान निघाल्या, तपासल्या, रचल्या. आणि दोन दिवसांनी गोदामात आपोआप अर्धचंद्राकृती बारीक टवके उडू लागतात. माशाच्या खवल्यासारखे दिसतात, म्हणून इंग्रजीतही त्यांना माशाचाच शब्द आहे. कारण असं, की तेजाबात आणि भट्टीत लोखंडाने हायड्रोजन वायू पोटात घेतलेला असतो. निवल्यावर तो बाहेर पडू पाहतो आणि वर काचेचं झाकण असतं. मग तो काचच उडवतो. पापड तळताना फुगवटा फुटावा तसं, पण दोन दिवस उशिरा आणि कोणी हात न लावता.

बार्शीची छोटी गाडी आणि मोगलाईचा नाका

सातारा जिल्ह्यात तयार झालेली वस्तू लातूरला यायची वाट कशी होती, हे पाहण्यासारखं आहे. ओगलेवाडी पुणे-मिरज मार्गावर. मिरजेहून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला यायची. हा मार्ग तुकड्या-तुकड्यांनी झाला: १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, १९११ मध्ये लातूरपर्यंत, आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर. १९२७ नंतर कऱ्हाडकडचा माल एकदा मिरजेला गाडी बदलून थेट लातूरच्या बाजारात उतरू शकत होता. टवका उडणाऱ्या मालाला कमी हाताळणी म्हणजे मोठी गोष्ट. पेंढ्यात रचलेल्या ताटल्या एकमेकींवर आपटल्या, तर व्यापाऱ्याला माल नव्हे, टवकेच पोचायचे.

गंमत म्हणजे २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ रेल्वे मिरजेहूनच निघाली होती. रूळ तोवर रुंद झाले होते, दिशा तीच होती.

पण बार्शी सोडली की मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचं राज्य. तिथे करोडगिरीचा नाका होता. हैदराबाद संस्थान आपल्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेई, साधारण शेकडा पाच. नाणंही वेगळं, हाली. शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, द्यायचे तर साधारण एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. म्हणजे कऱ्हाडच्या ताटलीची किंमत लातूरला येईपर्यंत दोनदा बदलायची, एकदा नाक्यावर आणि एकदा हिशोबाच्या वहीत. नांदेडची वाट निराळी. ते गाव १९०० पासून मनमाड-हैदराबाद मार्गावर, तेव्हा तिथे मनमाडकडून मुंबईचा आणि दुसऱ्या बाजूने हैदराबादचा माल यायचा. या दोन गावांतला बाजाराचा फरक आजही थोडा थोडा जाणवतो: लातूरचं तोंड बार्शी-सोलापूरकडे, नांदेडचं निम्मं हैदराबादकडे.

लातूरला माल उतरला की गंजगोलाईत यायचा. सोळा रस्ते एका वर्तुळात मिळतात असं हे बाजाराचं ठिकाण. गूळ, मिरची, सोनं, चपला यांच्या गल्ल्या एकमेकींना चिकटून. अशा बाजारात एनॅमलची ताटली ही मधल्या किमतीची वस्तू होती. पितळेपेक्षा स्वस्त, ‘जर्मन’च्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यापेक्षा देखणी, आणि मातीच्या भांड्यापेक्षा टिकाऊ.

ताटली कोणाची

आमच्याकडे जुनी माणसं एनॅमलला तामचिनी म्हणत. चिनी मातीसारखं दिसतं पण आत धातू, असा अर्थ त्या शब्दातूनच कळतो. हैदराबादी वळणाच्या मुसलमान घरांत तामचिनीची रकाबी रोजच्या जेवणात असायची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या हिंदू घरांत ती स्वयंपाकघराच्या आत यायला बिचकत असे. पितळ राखेने घासलं की शुद्ध, तामचिनी कशाने शुद्ध करायची, हा त्यांचा प्रश्न. म्हणून ती ताटली आणि पाण्याचा मग अंगणाच्या कोनाड्यात ठेवले जात, गड्यासाठी, सालदारासाठी, ज्याला घरातल्या भांड्यात वाढायचं नाही त्याच्यासाठी. काचेच्या कपाचंही असंच असे. ज्या भांड्याचा गुण असा, की त्याला कशाचाच डाग लागत नाही, त्याच भांड्यावर माणसांनी शिवाशिवीचा डाग ठेवला. एनॅमलचा इतिहास लिहिताना हा कोनाडा वगळता येत नाही.

इस्पितळाने मात्र एनॅमलला मानाने आत घेतलं. उकळून निर्जंतुक होतं, औषधाने खराब होत नाही, आणि पांढऱ्यावर घाण लगेच दिसते. जखम धुण्याची परात, मूत्रपिंडाच्या आकाराचा ट्रे, पाण्याचा मग, सगळं पांढरं, निळ्या काठाचं. सैन्यालाही ही भांडी हवी असत. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या क्राकोत जर्मन उद्योजक ऑस्कर शिंडलरच्या कारखान्यात हीच भांडी होत. युद्धाला लागणारा माल म्हणून त्याला कामगार ठेवायची मुभा होती, आणि त्या मुभेच्या आडोशाने त्याने सुमारे बाराशे ज्यूंचे प्राण वाचवले. पातेली दाबणाऱ्या यंत्रापाशी उभं असणं हेच तिथे जिवंत राहण्याचं कारण ठरलं.

न सांधता येणारी वस्तू

एनॅमलचा कारखाना कशाने मागे पडला, याचं एक उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: स्टेनलेस स्टील. स्टीलला ना कल्हई लागते, ना टवका उडतो. आपटलं तर पोचा पडतो, तो ठोकून काढता येतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गल्लीत आली, तिच्या टोपलीत स्टीलच चमकायला लागलं. लग्नात आंदण म्हणून स्टीलचा सेट, त्यावर नाव कोरून. एनॅमलवर नाव कोरायला गेलं तर काचच उडेल.

मला वाटतं, खरं कारण याहून खोल आहे. आपल्या घरातली भांडी दुरुस्त होणारी होती. पितळेला कल्हई, घागरीला डाग, कढईला नवा कान. एनॅमलला यातलं काही चालत नाही. भोक बुजवायला डाग द्यावा तर ज्या उष्णतेने डाग बसतो, तिनेच भोवतालची काच तडकते. त्याला पुन्हा भट्टीत घालायचं तर कारखानाच हवा. टवका उडाला की ताटली एकदम खालच्या पायरीला जाते: जेवणाच्या पंगतीतून धुण्याच्या पाटाशी, तिथून कोंबड्यांच्या पाण्याला, तिथून फुलांच्या परडीला. आमच्या ताटलीचा प्रवास असाच झाला आहे.

मात्र काच आणि लोखंडाचा हा संसार मोडला असं कोणी समजू नये. तो स्वयंपाकाच्या ओट्यावरून आडबाजूला सरकला. गॅसच्या शेगडीवर पातेलं ठेवायचं काळं स्टँड बघा, त्यावरची चकाकी बहुधा एनॅमलची असते. औषधांच्या कारखान्यात हजारो लिटरच्या लोखंडी टाक्यांना आतून काचेचा लेप असतो, कारण औषधातल्या तेजाबासमोर दुसरं फारसं काही टिकत नाही. गुजरातेत करमसदला अशा टाक्यांचा मोठा कारखाना १९६० च्या दशकापासून चालू आहे. लातूरच्या शिकवणी वर्गातले चांगल्या प्रतीचे पांढरे फळे, जे वर्षानुवर्षं पुसूनही काळवंडत नाहीत, तेही पोलादावर बसवलेली काचच असतात.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण न्हाणीघरात टांगलेलं आहे. लातूरचं बोअरचं पाणी जड. गिझरची साधी लोखंडी टाकी त्यात फार दिवस तग धरत नाही. म्हणून दुकानदार ‘ग्लासलाइन घ्या’ म्हणतो. त्या टाकीच्या आत माझ्या ताटलीवर आहे तशीच काच असते, तशाच भट्टीतून निघालेली. एवढ्या वर्षांत कारागीर एक गोष्ट मात्र शिकले: काचेच्या थरात कुठे ना कुठे सूक्ष्म छिद्र राहणारच. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडतात. पाण्याला गंज चढवायचाच असेल, तर आधी ती कांडी झिजते आणि लोखंड वाचतं. दर दोन-तीन वर्षांनी मेकॅनिक येतो, झिजलेली कांडी काढतो, नवी बसवतो.

परवा तो आला होता. जुनी कांडी त्याने ओट्यावर ठेवली, खाल्लेल्या उसाच्या कांड्यासारखी खडबडीत झालेली. मला कल्हईवाल्याची आठवण झाली. जी भांडी एकदा झाली की झाली असं आपण समजत होतो, त्यांनाही शेवटी अधूनमधून येणारा माणूस लागतोच.